हेल्मेटातले होले

शिरूर,
दिवाळीच्या आधीचा रविवार

आदरणीय दादांस,

करुणाचा सविनय जय भीम. आम्ही उभयता इकडं धडधाकट आहोत. तुमची प्रकृती, तुमचा डावा गुडघा, तुमची साखर आणि तुमचा तो डबेवाला (अजून आमटीत गूळच घालतो का?) या सर्वांची खुशाली कळवावी. (सुरुवात 'तुम्ही'नं केली, कारण जन्मभर झेडपीच्या शाळेत पोरांना पत्रलेखन असंच शिकवलं. पण ज्याच्या खांद्यावर उभी राहून मी दौंडच्या क्वार्टरमागचे पेरू काढले, त्याला पानंच्या पानं 'तुम्ही' म्हणत राहिले तर हात अवघडेल. इथून पुढं 'तू'.)

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशीलच. पाकीट मागितलं तेव्हा पोस्टातल्या बाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग बराच वेळ ड्रॉवरकडं. पण भुसावळला फोन लावला की तू 'बरं आहे' आणि 'ठेवू का' यापलीकडं जात नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे, त्याला फाटे फुटणार आहेत. पत्राचं तेवढं बरं असतं. मध्येच ठेवून दिलंस तरी मला कळणार नाही.

तर विषय आमच्या ह्यांचा. संपतराव जुलैअखेर रांजणगावच्या कंपनीतून रिटायर झाले, हे तुला माहीत आहेच. मेंटेनन्सचे सुपरवायझर, सगळा जन्म तीन पाळ्यांत गेला. निरोपाला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, भाषणं झाली, पण ह्यांनी स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं ते डोक्यावरचं पिवळं हेल्मेट. घरी आल्यावर ते मागच्या पडवीत खिळ्याला पट्ट्यानं अडकवलं, उलटं, वाडग्यासारखं. मी म्हटलं, कपाटात ठेवा. तर म्हणाले, 'ऱ्हाऊ दे, हाताशी असावं.' हेल्मेट हाताशी असण्याची वेळ घरात कधी येते, हे मी विचारलं नाही. (दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी शेवग्याच्या शेंगा काढताना ते घातलं. शेजारच्या कस्तुराबाईंनी कुंपणावरून पाहून, 'आवो, शेंगाच हायत, दगडं न्हाईत' असं सांगितलं, तेव्हा उतरवलं.)

आता माझं रिटायरमेंट त्यांच्या आधी दोन वर्षांचं. तेवढा काळ मागचं परस माझं होतं. पेरू, शेवगा, कढीपत्ता, कुंपणावर घेवड्याचा वेल, गवती चहा, शेवंतीची रांग. मी सकाळी पायरीवर चहा घेऊन बसायची, शिंजीर जास्वंदीच्या फुलाला उलटा लटकायचा, वेडे राघू केबलच्या तारेवर ओळीनं बसून एकेक माशी टिपून पुन्हा जागेवर यायचे, आणि मला कुणी काही विचारायचं नाही. हे घरी बसले आणि या परसाचा शॉप फ्लोअर झाला. पहिल्या आठवड्यात अवजारांच्या जागा ठरल्या. खुरपं, कात्री, झारी, प्रत्येकाच्या मागं भिंतीवर त्याच आकाराचं चित्र रंगवलं, म्हणजे वस्तू जागेवर नसली की रिकामं चित्र दिसावं. दुसऱ्या आठवड्यात झाडांना नंबर आले. कढीपत्ता आता कढीपत्ता राहिला नाही, तो 'के-दोन' झाला. (फोडणी जळत असताना 'के-दोनची चार पानं आणा' असं ओरडावं लागतं.) तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी मीटिंग. मीटिंगला हजर मी एकटी, तीही हातात परडी घेऊन उभी.

एक दिवस विषय निघाला की शेवंतीला कळ्या का नाहीत. कंपनीत म्हणे एखादं मशिन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तराला मूळ कारण सापडतं. शेवंतीला कळ्या का न्हाईत? ऊन कमी म्हणून. ऊन का कमी? पेरूची सावली. सावली का पडती? झाड वाढलं. का वाढलं? पाणी मिळालं. पाणी का मिळालं? इथं ते माझ्याकडं बघायला लागले. दादा, शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरनंही असं कधी माझ्याकडं पाहिलं नव्हतं. मी परडी ठेवली आणि घरात गेले.

पाखरांनाही सोडलं नाही. साळुंक्या उजाडायला येतात, म्हणून त्या पहिली पाळी. दुपारी खताच्या खड्ड्यावर सातभाई येतात, एकाच वेळी सगळे बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि एकदम उडून जातात. ह्यांनी गंभीरपणे सांगितलं की ही युनियनची गेट मीटिंग आहे. मला हसू आलं, पण मी हसले नाही. हसलं की उद्याच्या मीटिंगला तोच विषय असतो.

हे सगळं मी तुला गमतीनं लिहितेय, पण तेव्हा मला गंमत वाटत नव्हती. कारण एके दिवशी भल्या पहाटे मला जाग आली तर हे अंथरुणात नव्हते. मला वाटलं, परसात असतील. तिथंही नव्हते. दार उघडून बाहेर आले तर कोपऱ्यावर, जिथं कंपनीची बस थांबते तिथं, पाठमोरे उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट. बस आली, पोरं चढली, कुणीतरी खिडकीतून हात केला, ह्यांनी हात केला, बस गेली, तरी हे उभेच. मी मागच्या मागं घरात आले आणि चहा टाकला. आल्यावर म्हणाले, 'दूध आणाया गेल्तो.' हातात पिशवी नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

दादा, मला त्या पाठमोऱ्या माणसात आपले आबा दिसले. तुला आठवत असेल. तू तेव्हा नोकरीला नुकताच भुसावळला गेला होतास, म्हणून तू सुट्टीत तेवढं पाहिलंस, मी रोजचं पाहिलं. रेल्वेच्या इंजिन शेडमधून रिटायर झाल्यावर आबा धुतलेली खाकी घालून निघायचे आणि यार्डाच्या भिंतीशी जाऊन बसायचे, गाड्या बघत. त्याआधी त्यांचं परस कसं होतं. इंजिनाची राख डब्यातून आणायची आणि झाडांना द्यायची, 'कोळशानं मुंबई-मद्रास पळती, तर झेंडू का न्हाई पळायचा' असं म्हणायचे, आणि झेंडू खरंच कमरेइतका व्हायचा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी विहारात जाताना आईच्या टोपलीत आपल्या घरची फुलं असायची, आणि अख्ख्या रेल्वे कॉलनीत तेवढा रंग कुणाच्या टोपलीला नसायचा. रिटायर झाल्यावर आबांनी राख आणणं बंद केलं. परस हळूहळू वाळलं. त्या दसऱ्याला झेंडू बाजारातून आणला आणि आई विहारापर्यंत वाटभर गप्प होती. पुढं आबा फार दिवस राहिले नाहीत. डॉक्टरांनी छातीचं काहीतरी सांगितलं. आईनं कधीच ते मानलं नाही.

म्हणून मी घाबरले. आमची दीक्षा पुण्याहून रोज फोन करून 'बाबांना छंद लावा' असं सांगायची. पण छंद काय, तांदळाच्या डब्यातून काढून द्यायची वस्तू आहे का? मी त्यांना विहारातल्या अभ्यासिकेचं काम बघा म्हटलं, तर तिथल्या पंख्यांचं मेंटेनन्स करून दोन दिवसांत परत आले. पंखे आता फार छान फिरतात. काम संपलं.

मग आलं भादव्याचं ऊन. तू म्हणशील, मध्येच ऊन कुठून आणलं, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. पाऊस ओसरतो, घोड नदीचं पाणी निवळतं, सकाळी गवतावर दव आणि दुपारी पाठ भाजेल असा चटका, हवेत कापलेल्या बाजरीचा वास. या दिवसांत मी कुठंही असले तरी मला आपली दौंडची क्वार्टर आठवते. टाकीच्या गळतीपाशी एक दिवस शेपूट हलवत तो करडा-पांढरा पक्षी यायचा, आणि आई म्हणायची, 'धोबी आला, गोधड्या काढा.' की सगळ्या घरातल्या गोधड्या डोक्यावर घेऊन आपण भीमेवर. तू गोधडी दगडावर आपटायचास आणि मी सगळ्यांत मोठीवर बसून राहायची, वाळली का बघायला. संध्याकाळी भोरड्यांचे थवे यायचे, आभाळात धूर वळावा तसे वळायचे, आणि आई पाण्यातून वर बघत म्हणायची, 'कुठनं येत्यात, कुणाला म्हाईत.' शाळेत मला नंतर कळलं ते कुठून येतात. मी आईला सांगितलंही. ती म्हणाली, 'व्हय का,' आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणाली. आता वाटतं, तिला ते माहीत करून घ्यायचंच नव्हतं.

अशाच एका दिवशी मी पडवीत घेवडा निवडत बसले होते, तर एक होला माझ्यासमोरून काडी घेऊन गेला आणि हेल्मेटात उतरला. काडी टाकली, गेला, दुसरी आणली. होल्याचं घरटं तू पाहिलंयस, त्याला घरटं म्हणायचं ते आपण चांगले म्हणून. चार काड्या आडव्या, चार उभ्या, खालून आभाळ दिसतं. पण हेल्मेटला मुळातच बूड होतं, त्यामुळं या जोडप्यानं तेवढंही केलं नाही. दुपारपर्यंत गृहप्रवेश झाला.

संध्याकाळी ह्यांनी पाहिलं आणि कपाळाला आठ्या. कंपनीची वस्तू आहे, म्हणाले. मी म्हटलं, आता तुमची आहे. 'तरी पन. इचारल्याशिवाय?' काड्या काढून टाकायला स्टुलावर चढले. वर हात घातला आणि तसेच थांबले. मग आवाज न करता उतरले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'अंडं हाय.'

दादा, त्या क्षणापासून आमच्या घराची सत्ता बदलली. दुसऱ्या दिवशी दुसरं अंडं आलं. पडवीतून जायला मनाई. मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं, करकर नको म्हणून. कपड्यांची दोरी पुढच्या अंगणात गेली. मिक्सर लावायचा तर आधी परवानगी, त्यामुळं आठवडाभर आमच्याकडं चटणी पाट्यावर झाली. (माझ्या हातांना सवय राहिली नाही, म्हणून हेच पाट्यावर बसले आणि मी फक्त मीठ टाकलं. ही एक गोष्ट बंद व्हायला नको होती.) पहाटे उठून कोपऱ्यावर जाणंही बदललं, कारण त्यांना एक शोध लागला. दिवसा अंड्यांवर नर बसतो आणि रात्रभर मादी. सकाळी ऊन चढल्यावर तो येतो, पट्ट्यावर बसून दोनदा घुमतो, ती उठते, तो बसतो. संध्याकाळी उलट. हे बघून आमचे हे इतके हरखले की मला हाताला धरून न्हाणीघराच्या खिडकीशी नेलं. म्हणाले, 'बघ. रिलिव्हर आल्याबिगर जागा सोडत न्हाई. आमच्या लायनीवर असं एक पोरगं न्हवतं.' आणि मग, 'मी व्हतो.'

बस पहाटे जायची, आणि हे आता पहाटेपासूनच रिलिव्हरची वाट बघत खिडकीत बसायचे. कोपरा आपोआप सुटला. मी कुणालाच काही बोलले नाही, दीक्षालाही नाही. बोललं की मोडेल असं वाटत होतं.

मधे कस्तुराबाईंच्या मांजरीचं एक प्रकरण झालं. कस्तुराबाई म्हणजे जुन्या बागायतदार घरच्या, नवऱ्यामागं शेती बघून आता मुलाच्या हाती दिलेली, आणि गावातलं सगळं त्यांना आपल्या आधी कळतं. त्यांची मांजर पडवीच्या कठड्यावर येऊन वर बघत बसायला लागली. ह्यांनी कठड्यावर तवे, ताटल्या, डब्यांची झाकणं रचली, म्हणजे पाय पडला की आवाज व्हावा. मांजर त्यातून वाट काढत आली आणि ह्यांचाच पाय लागून सगळं कोसळलं. होला हलला नाही. कस्तुराबाई मात्र धावत आल्या. त्यांना वाटलं, आमचं भांडण झालं. खरं काय ते कळल्यावर म्हणाल्या, 'आवो पाव्हणं, आधी सांगायचं व्हतं. मी कोंडती तिला. पाखरं उडूस्तवर आमच्याच घरात ऱ्हाईल.' आणि खरंच कोंडली. दोन आठवडे त्या मांजरीची शिव्याशापांची वाणी आम्ही भिंतीपलीकडून ऐकली.

दसऱ्याच्या आदल्या दिवसांत पिल्लं निघाली. दिसायला अगदीच वाईट, दादा, लाडानं सुद्धा काही म्हणता येत नाही. पिवळे दोरे चिकटवलेलं ओलं वांगं जसं दिसेल तशी. ह्यांना ती देखणी वाटली. दसऱ्याला विहारात गेलो तर वंदना संपायच्या आत ह्यांची चुळबुळ सुरू. घरी येऊन आधी खिडकी, मग पाणी.

कोजागरीनंतर दोन दिवसांनी परतीचा पाऊस आला. साधा नाही. दुपारपर्यंत ऊन, आणि दिवस कलताना पश्चिमेकडून काळं येऊन वारा सुटला तो पत्रे उडवणारा. हेल्मेट खिळ्यावर घड्याळाच्या लंबकासारखं झुलायला लागलं. पट्टा जुना. आत होली, म्हणजे मादी, पंख पसरून पिल्लांवर बसलेली, डोळा मिटत नाही, पण उठतही नाही. पाऊस आडवा पडवीत घुसला. मी दार लावायला गेले तर हे छत्री घेऊन बाहेर. स्टुलावर चढले, एका हातानं छत्री त्यांच्यावर धरली आणि दुसरा हात हेल्मेटाच्या बुडाखाली लावला, झोका थांबवायला. मी स्टूल धरलं, कारण स्टूलही डुगडुगत होतं, आणि ह्यांचं वय साठीकडं. छत्री पाखरांवर, आम्ही दोघं पावसात. मी म्हटलं, 'हात भरून येईल, मी धरते थोडा वेळ.' तर म्हणाले, 'तू हालवू नको स्टूल. ती माझ्या हाताला भ्यायची ऱ्हायलीय, तुझ्या हाताला पुन्हा भील.' आणि होली खरंच त्यांच्या बोटांकडं बघतही नव्हती. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. विजा चमकत होत्या, शेवग्याची मोठी फांदी मोडून नंबरांच्या पाट्यांवर पडली, आणि या माणसाच्या तोंडावर मला असं समाधान दिसलं जे निरोपाच्या शालीत दिसलं नव्हतं. भीतीही होती. दोन्ही एकत्र.

पाऊस थांबल्यावर हे उतरले, हात सरळ होईना. मी तेल चोळत बसले. अशा वेळी नेहमीच्या सवयीनं ह्यांनी म्हणायला पाहिजे होतं की उद्या मीटिंगमध्ये पट्ट्याचा विषय घेऊ. त्याऐवजी म्हणाले, 'आबांचं परस कसं व्हतं गं?' लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नव्हतं. मग मी सांगितलं. राख, झेंडू, धोबी, भीमेवरच्या गोधड्या, यार्डाची भिंत. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, 'मला दिसत व्हतं, तू दारात उभी ऱ्हायची ते.' म्हणजे कोपऱ्यावरून. त्यांना माहीत होतं.

आणि बघ, योग कसे येतात. दुसऱ्याच दिवशी कंपनीतून फोन. स्वप्नाली मॅडम म्हणून ह्यांच्या डिपार्टमेंटला तरुण इंजिनिअर आहेत, ह्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. दिवाळीच्या सुट्टीत प्लांट बंद ठेवून मशिनं खोलायची होती, जुना माणूस पाहिजे, तयारीला उद्यापासूनच या, बस घ्यायला दारात येईल. दादा, ज्या फोनसाठी हा माणूस दोन महिने फोनशेजारी जेवत होता तो हा फोन. मी पीठ मळायची थांबले. हे ऐकत होते, 'हां, हां' म्हणत होते, आणि नजर खिडकीतून हेल्मेटावर. मग म्हणाले, 'मॅडम, आठ दिस थांबता येतंय का? घरी जरा लहान पोरं हायत.'

बाईंना माहीत की आमची एकच मुलगी आणि ती पुण्यात. त्यांनी विचारलं असावं, कारण हे म्हणाले, 'न्हाई, नातवंडं न्हाईत. होल्याची हायत.' मग त्यांनी सगळं सांगितलं, रिलिव्हरपासून छत्रीपर्यंत. बाई हसल्या नाहीत, असं हे सांगतात. थांबता येणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी बघते, म्हणाल्या, आणि पिल्लांचा फोटो पाठवा म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, 'वाईट वाटतंय?'

जरा विचार करून म्हणाले, 'वाटतंय थोडं.' मग म्हणाले, 'बस काय, रोजच जाती.'

पिल्लं चार दिवसांनी उडाली. पहिलं सकाळी, काही विचार न करता, सरळ पेरूवर. दुसरं दिवसभर हेल्मेटाच्या काठावर बसून राहिलं. नर यायचा, समोर बसून घुमायचा, जायचा. आम्ही दोघं पायरीवर जेवलो, तिथंच चहा घेतला, बोलायचं नाही असं ठरलं होतं. कस्तुराबाई कुंपणापलीकडं पाट टाकून बसल्या होत्या, त्याही गप्प, म्हणजे कल्पना कर. ऊन उतरल्यावर त्यानं पंख झाडले आणि गेलं. नीट गेलं नाही, शेवग्याला धडकलं, घेवड्यात शिरलं, तिथून कसंबसं पेरूवर. कस्तुराबाईंनी डोळे पुसले आणि मांजरीला सोडायला गेल्या. आमचे हे उठले नाहीत. मोकळ्या हेल्मेटाकडं बघत बसले आणि मला वाटलं, आता उद्या पहाटे पुन्हा कोपरा.

दुसऱ्या दिवशी जाग आली तर बाजूला नव्हते. मी छातीवर हात ठेवून उठले. मागचं दार उघडं होतं. पायरीवर दोन कप चहा आणि हे आमच्या परसातल्या टाकीच्या गळतीकडं बोट दाखवत होते. तिथं तो करडा-पांढरा पक्षी शेपूट हलवत चालला होता. मी सांगायच्या आत म्हणाले, 'गोधड्या काढू का?'

तेव्हा आता इकडं सगळं ठीक आहे. दिवस छान आहेत, ऊन मऊ व्हायला लागलंय, शेवंतीला कळ्या आल्यात (मूळ कारण मी होते, तर हेही मीच असणार). तुला कधी वाटलं तर चार ओळी लिही. नाही वाटलं तरी गोळ्या वेळेवर घे. काळजी घे, आणि माझी करू नकोस.

तुझी धाकटी,
करुणा

ता. क. वर मी फार शांत-समाधानी बाई वाटत असेन तर तसं नाही. पिल्लं उडाल्यापासून ह्यांचा मोर्चा स्वयंपाकघराकडं वळला आहे. मसाल्याच्या डब्याला नंबर पडलेत. हळद कुठली ते मला वास घेऊन ओळखावं लागतं. तेव्हा मुद्द्याचं लिहिते: दिवाळीनंतर ह्यांना पंधरा दिवस तुझ्याकडं ठेवून घे. तुझंही परस आहेच मागं. 'मला जमत नाही, येऊन बघा' एवढं म्हण, ते धावत येतील आणि मला थोडी उसंत मिळेल. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. वरचं खरं आहे, पण अर्धंच. तिकिटं दोन काढली आहेत, दौंडवरून, दिवाळीनंतरच्या शनिवारची. मीही येतेय. तुला विचारलं असतं तर तू 'कशाला' म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. मागच्या महिन्यात तू ह्यांना फोन केलास, तेव्हा होल्यांचं ऐकून फोन ठेवायच्या आधी म्हणालास, 'पिल्लं निघाली की कळवा.' ह्यांनी ते मला तीन वेळा सांगितलं. दादा, वहिनी गेल्याला वर्ष होत आलं, या वर्षभरात तू आम्हाला कशाबद्दल काही विचारलंस ते हे पहिलंच. एवढं लांब पत्र त्याचं उत्तर आहे. वहिनींच्या परसाच्या दाराला तू कुलूप घातलंयस, तेही मला माहीत आहे. एकदा तुझा फोन डबेवाल्यानं उचलला, त्यानंच ह्यांना सांगितलं. आम्ही ते उघडा म्हणणार नाही. आम्ही नुसते दाराशी चहा पिऊ.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. स्टेशनवर घ्यायला ये. रिक्षा मिळते हे आम्हाला ठाऊक आहे, घर माहीत आहे, सामानही फार नाही. तरी तू ये.